पेरँची 'नात्यूर': दहा युरोंच्या आसपास मिळणारी ऑरगॅनिक रेड वाइन

आधी निकालच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना फक्त घ्यायची की नाही एवढंच बघायचंय त्यांना खाली स्क्रोल करत बसायला नको: घ्या, बिनधास्त घ्या. फामी पेरँ या फ्रेंच वाइन घराण्याची 'नात्यूर', कोत द्यु रोन म्हणजे रोन नदीच्या खोऱ्यातली वाइन. ग्रनाश आणि सिरा या दोन द्राक्षांचं ब्लेंड आहे, सर्टिफाइड ऑरगॅनिक आहे, आणि इथे फ्रान्समध्ये दहा युरोंच्या आगेमागे मिळते, दुकानाप्रमाणे एखाददुसरा युरो इकडेतिकडे. रोजच्या जेवणासोबत उघडता येते, पाहुणे आले तर टेबलवर ठेवायला छान वाटते आणि उरली तर दुसऱ्या दिवशीही चांगली लागते, असं सगळं या किमतीत जमवणारी दुसरी रेड मला तरी फारशी सापडलेली नाही.

मी राहते ग्रेनोबलला, म्हणजे गाडी काढली की दोनेक तासांत दक्षिण रोनच्या द्राक्षबागांमध्ये पोचता येतं, आणि माहेर निफाड तालुक्यातलं, घरी द्राक्षबाग. त्यामुळे वाइनची बाटली हातात घेतली की मला आधी बागच दिसते, वेल कसा वळवलाय, माती कुठली, पाऊस कधी पडतो, फवारणी किती, हे सगळं. वाइन क्लबवाली माणसं जे बोलतात त्यातलं बरंच मला येत नाही, पण द्राक्ष कळतं. तर त्या बाजूनेच लिहिते.

पेरँ कुटुंब कोण ते थोडक्यात. शातोनफ द्यु पाप या दक्षिण रोनमधल्या गावाचं नाव वाइनवाल्यांनी ऐकलेलं असतं, तिथली शातो द बोकास्तेल ही नावाजलेली इस्टेट यांची. 1909 पासून ती या घराण्याकडे आहे. तिथे जाक पेरँ यांनी 1950 मध्ये ऑरगॅनिक शेती सुरू केली आणि 1974 मध्ये बायोडायनॅमिककडे, म्हणजे ऑरगॅनिकच्याही पुढच्या, चंद्राच्या कला वगैरे पाळून करायच्या शेतीकडे वळले. 1950 म्हणजे बघा, जग तेव्हा नवीन नवीन रासायनिक औषधांच्या मागे लागलं होतं आणि ऑरगॅनिकचा शिक्का, लोगो, सुपरमार्केटमधला वेगळा रॅक यातलं काहीच नव्हतं, तेव्हा या माणसाने उलट्या दिशेला जायचं ठरवलं. शातोनफमध्ये एकूण 13 जातींची द्राक्षं वापरायला परवानगी आहे आणि बोकास्तेलमध्ये त्या सगळ्याच्या सगळ्या लावलेल्या आहेत. ती बाटली मात्र सत्तर-ऐंशी युरोंच्या वर जाते, म्हणजे आपल्या रोजच्या हिशोबातली नाही. कोंबडीचं चित्र असलेली ला व्हिएय फेर्म बऱ्याच देशांत मिळते, तीही यांचीच, आणि ब्रॅड पिटच्या मिरावाल इस्टेटच्या रोझेमध्ये, म्हणजे गुलाबी वाइनमध्ये, भागीदार आहेत ते हेच पेरँ. नात्यूर ही महागडी बोकास्तेल आणि स्वस्तातली ला व्हिएय फेर्म या दोन टोकांच्या मधली. बोकास्तेलमध्ये इतकी वर्षं मुरलेलं ऑरगॅनिकचं ज्ञान आणि खिशाला परवडेल अशी किंमत, हे एकत्र आलंय ते इथे.

आता चव.

ग्लासमध्ये ओतली की रंग एकदम काळाजांभळा नसतो, लालसर, कडेला थोडा फिकट. ग्रनाशची साल पातळ असते म्हणून रंग कमी उतरतो, रंग कमी दिसला म्हणून वाइन हलकी आहे असं समजू नका, कारण हेच ग्रनाश साखर भरपूर धरतं आणि त्यामुळे अल्कोहोल चढं असतं, साधारण 14 टक्क्यांच्या घरात. वास घेतला की आधी लाल फळं येतात, रासबेरी, पिकलेली चेरी, आणि ज्यांनी हे कधी खाल्लं नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर पिकलेल्या करवंदांचा आणि जांभळाचा जो गोडआंबट वास असतो त्याच्या आसपासचं काहीतरी. मग जरा थांबलं की मागून सुक्या पाल्याचा, रानाचा वास येतो. दक्षिण फ्रान्समध्ये बागांच्या कडेने माळावर थाइम आणि रोझमेरीची झुडपं अशीच उगवलेली असतात, उन्हात तापली की सगळ्या रस्त्याला तोच वास, आणि तो या वाइनमध्ये खरंच येतो, ही नुसती वर्णन करायची पद्धत नाही. शेवटी मिरी. हे मिरीचं काम सिराचं, आणि यात कल्पनेचा भाग काही नाही: मिऱ्यात रोटंडोन नावाचं जे द्रव्य असतं तेच सिराच्या सालीत सापडतं, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये ते शोधून दाखवलं.

तोंडात घेतल्यावर मऊ. टॅनिन, म्हणजे सालीतून येणारी तुरट द्रव्यं, आहेत पण जीभ कोरडी करून टाकणारे नाहीत, हिरड्यांना हलकासा तुरटपणा लागतो आणि जातो. आंबटपणा बेताचा. लाकडाच्या पिंपाचा, व्हॅनिलाचा वास मला यात जाणवत नाही आणि मला ते आवडतं, कारण स्वस्त रेडमध्ये बऱ्याचदा ओकचा वास इतका चोपडलेला असतो की द्राक्ष कुठलं होतं तेच कळत नाही. इथे द्राक्ष कळतं. घोट गिळल्यावर चव खूप वेळ रेंगाळते असं नाही, महागड्या शातोनफमध्ये ती मिनिटभर राहते तशी इथे राहत नाही, पण या किमतीत ती अपेक्षा धरायचीही नसते, आणि पुढचा घास घ्यायला तोंड मोकळं होतं ही जेवणाच्या वाइनसाठी चांगलीच गोष्ट आहे ना.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा, तापमान. रूम टेंपरेचरला रेड प्यायची असं जे म्हणतात ते जुन्या थंडगार दगडी घरांच्या काळातलं आहे, आपल्या पुण्या-नाशिकच्या एप्रिलमधल्या हॉलला ते लागू नाही, आणि हीटर लावलेल्या फ्लॅटलाही नाही. 25-26 डिग्रीला ही वाइन प्यायलात तर अल्कोहोल नाकात घुसतं आणि फळांचा वास मागे पडतो, ग्रनाशचा हा स्वभावच आहे. सरळ वीसेक मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, 16 डिग्रीच्या आसपास आली की काढा, उघडून जेवणाची ताटं वाढेपर्यंत तशीच राहू द्या. एवढ्याने इतका फरक पडतो की तीच बाटली आहे यावर विश्वास बसत नाही. उन्हाळ्यात तर मी आणखी थोडी गार करते.

आता ज्यासाठी मला मुळात लिहावंसं वाटलं तो भाग, ऑरगॅनिक म्हणजे नक्की काय. याबद्दल आपल्या लोकांमध्ये दोन टोकं दिसतात, एक म्हणजे ऑरगॅनिक म्हटलं की अमृत, आणि दुसरं म्हणजे सगळं मार्केटिंग. दोन्ही खरं नाही.

ऑरगॅनिक बाग म्हणजे फवारणी नसलेली बाग, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाहीये. द्राक्षाचे दोन मोठे शत्रू, भुरी आणि केवडा हे बुरशीचे रोग, ते फ्रान्समध्येही आहेत आणि आमच्या निफाडातही आहेत. भुरीला ऑरगॅनिकमध्ये गंधक चालतं. केवड्याला तांबं चालतं, म्हणजे आपलं बोर्डो मिश्रण, मोरचूद आणि चुना, द्राक्षवाल्या प्रत्येक घरात ज्याची निळी डबडी असतात तेच. आणि हे बोर्डो मिश्रण आलं कुठून तर याच देशातून, तिकडे बोर्दोकडून. बोर्दोजवळच्या मेदोक भागात रस्त्याच्या कडेच्या वेलींवर लोकांनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून मोरचूद-चुन्याचा निळा लगदा मारून ठेवायचे, आणि मियार्दे नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की सगळ्या बागेवर केवडा पडलाय पण या कडेच्या वेली हिरव्यागार आहेत. त्यावरून प्रयोग करून त्यांनी 1885 मध्ये ते जाहीर केलं. नाना, म्हणजे माझे वडील, इथे आले होते तेव्हा त्यांना हे सांगितलं तर त्यांना इतका आनंद झाला, कारण एक टक्का बोर्डो म्हणजे शंभर लिटरला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना हा हिशोब त्यांना झोपेतून उठवलं तरी पाठ, पण नाव बोर्दो गावावरून पडलंय हे कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

तर ऑरगॅनिकमध्ये तांबं चालतं, पण कितीही नाही. तांबं मातीत साठत जातं, गांडुळांना आणि जमिनीतल्या जिवाणूंना त्रास होतो, म्हणून युरोपमध्ये मर्यादा आहे, सात वर्षांत मिळून हेक्टरी 28 किलो, म्हणजे सरासरी वर्षाला चार किलो. आणि तांबं पानाच्या वरच राहतं, आत शिरत नाही, जोराचा पाऊस आला की धुऊन जातं आणि परत मारावं लागतं. आता विचार करा, पावसाळी वर्षात ऑरगॅनिकवाल्या शेतकऱ्याचं काय होत असेल. 2024 मध्ये फ्रान्समध्ये नको त्या वेळी खूप पाऊस झाला आणि केवड्याने बऱ्याच बागांची वाट लावली, ऑरगॅनिकवाल्यांना जास्त झळ बसली. अवकाळीने रात्र रात्र जागणारी माणसं मी घरात बघितलीत त्यामुळे त्या बातम्या वाचताना पोटात गोळा यायचा.

मग दक्षिण रोनमध्ये ऑरगॅनिक इतक्या बेताच्या किमतीत जमतं कसं? वाऱ्यामुळे. मिस्त्राल म्हणून वारा आहे, उत्तरेकडून रोनच्या खोऱ्यातून खाली सुटतो, कोरडा, थंड, कधीकधी ताशी 100 किलोमीटरच्या वर जातो, सायकल चालवता येत नाही की छत्री धरता येत नाही. तिथले लोक त्याला वैतागतात, पण बागेला तो वरदान आहे, पाऊस पडून गेला की हा सुटतो आणि पानं, घड सगळं काही तासांत खडखडीत वाळवतो, आणि बुरशीला ओल मिळत नाही. उन्हाळे कोरडे, वारा असा, त्यामुळे औषधं मुळातच कमी लागतात. आमच्या नाशिककडे उलटं: एप्रिलात वेल नव्याने वाढवायची खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळ धरायची गोडी छाटणी, आणि नेमकं ऑक्टोबर-नोव्हेंबरला कोवळी फूट असताना परतीचा पाऊस किंवा अवकाळी येतो, वर सकाळचं दव आणि धुकं. त्यात संपूर्ण ऑरगॅनिक करायचं म्हणजे मोठी जोखीम, म्हणून नाशिकचे शेतकरी ऑरगॅनिक का करत नाहीत असं शहरात बसून विचारणाऱ्यांना माझी विनंती आहे की एकदा नोव्हेंबरात या आणि पहाटे बागेत उभं राहून बघा.

मला स्वतःला ऑरगॅनिक का हवं, तर माझ्या ग्लासात किती अंश येतो त्यापेक्षा फवारणारा माणूस माझ्या डोळ्यांसमोर असतो. नाना ब्लोअरने (फवारणीच्या यंत्राने) औषध मारून आले की डोळे लाल, अंगाला वास, हात दोनदा साबणाने धुतल्याशिवाय ते आम्हा मुलांना जवळ घ्यायचे नाहीत. फ्रान्समध्ये कीडनाशकांच्या संपर्कामुळे शेतकऱ्यांना होणारा पार्किन्सन 2012 पासून व्यावसायिक आजार म्हणून अधिकृतपणे मानला जातो, म्हणजे सरकारनेच मान्य केलंय की हे या कामातून होतं. ही वाइन घेताना जो काही एखादा युरो जास्त जातो तो मी त्या हिशोबाने देते आणि आनंदाने देते.

आता सल्फाइटचं, म्हणजे वाइन खराब होऊ नये म्हणून जे घालतात त्याचं बघू. युरोपमध्ये 2012 च्या आधी 'ऑरगॅनिक वाइन' असं लेबलवर लिहिताच येत नव्हतं, फक्त 'ऑरगॅनिक द्राक्षांपासून' एवढंच, कारण वाइनरीच्या आत काय चालेल याचे नियमच नव्हते. 2012 ला ते आले आणि आता कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या, ऑरगॅनिक रेडला एका लिटरमध्ये जास्तीत जास्त 100 मिलिग्रॅम सल्फाइट चालतं, साध्या रेडला 150. म्हणजे ऑरगॅनिकमध्ये सल्फाइट कमी आहे, शून्य नाही. अमेरिकेचा नियम आणखी वेगळा, तिथे बाहेरून सल्फाइट घातलं असेल तर 'ऑरगॅनिक वाइन' म्हणता येत नाही, 'ऑरगॅनिक द्राक्षांपासून बनवलेली' म्हणावं लागतं, त्यामुळे तिकडच्या मित्रमंडळींना लेबलवर वेगळी भाषा दिसली तर गोंधळू नका. आणि बाटलीवर नात्यूर लिहिलंय म्हणून ही ती बिनसल्फाइटची 'नॅचरल वाइन' आहे असंही नाही. नॅचरल वाइनवाल्यांचा जो थोडा सायडरसारखा, कधीकधी गोठ्यासारखा वास असतो तो इथे नाही, एकदम स्वच्छ वाइन आहे.

"ऑरगॅनिक प्यायली तर डोकं दुखत नाही" हे मला जवळजवळ प्रत्येक पार्टीत कोणीतरी सांगतं. असं ठामपणे म्हणता येत नाही. सल्फाइट तर व्हाइट वाइनमध्ये रेडपेक्षा बऱ्याचदा जास्त असतं आणि डोकं दुखल्याची तक्रार रेडची जास्त, मग दोष सल्फाइटचा कसा? कॅलिफोर्नियातल्या यूसी डेव्हिसच्या संशोधकांनी 2023 मध्ये एक वेगळी शक्यता मांडली, द्राक्षाच्या सालीत क्वेर्सेटिन नावाचं द्रव्य असतं, शरीरात गेल्यावर त्याचं जे रूप होतं ते अल्कोहोल पचवणाऱ्या एका एन्झाइमच्या आड येतं. हा प्रयोगशाळेतला निष्कर्ष आहे, माणसांवर अजून बघायचंय. पण क्वेर्सेटिन ऑरगॅनिक द्राक्षातही असणारच, उन्हातल्या द्राक्षात तर जास्त. त्यामुळे ज्यांना रेडने त्रास होतो त्यांनी ऑरगॅनिकच्या भरवशावर दोन ग्लास जास्त घेऊ नका, प्लीज. फ्रान्सच्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे आठवड्याला दहा ग्लासांच्या वर नाही, दिवसाला दोनच्या वर नाही आणि काही दिवस अजिबात नाही, तो ऑरगॅनिकलाही तसाच लागू.

जेवणाबद्दल लिहायला मला सगळ्यात मजा येते. आपलं मराठी जेवण आणि रेड वाइन जमत नाही असं सरसकट म्हणतात ते मला पटत नाही, कुठली रेड त्यावर आहे. जास्त टॅनिनवाली, तुरट रेड आणि तिखट हे नाही जमत, तिखटाने तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही आणखी टोचतं. तांबड्या रश्श्यासोबत ही काय कुठलीच रेड घेऊ नका, तिथे सोलकढीच हवी. पण काळ्या मसाल्याचं मटण, सुकं, तिखट बेताचं, कांदा-खोबरं चांगलं काळपट भाजलेलं, त्याच्यासोबत ही नात्यूर अशी काही बसते की विचारू नका. भाजलेल्या खोबऱ्याचा खमंगपणा, लवंग-दालचिनी-दगडफूल आणि वाइनमधली मिरी-पाला, दोन्ही एकमेकांना उचलून धरतात. माझ्याकडे दगडफूल दरवर्षी आई पाठवते.

वांग्याचं भरीत, चुलीवरचं नसलं तरी गॅसवर चांगलं भाजलेलं, वर कच्चा कांदा थोडा कमी आणि दाण्याचं कूट, सोबत बाजरीची भाकरी. हे कॉम्बिनेशन मला अनपेक्षितपणे सापडलं आणि आता मी मुद्दाम करते. धुरकट वास आणि ग्रनाश यांचं जमतं, इथले लोक नाही का वांगी-टोमॅटोचं रातातुई याच वाइनसोबत खातात. भरली वांगी पण छान, फक्त गूळ जास्त घालू नका, पदार्थ वाइनपेक्षा गोड झाला की वाइन आंबट लागायला लागते. पिठलं-भाकरीला नाही जमली. मासे नाहीत. पनीरचं काही असेल तर टिक्का चालतो, मखनी नाही. चीजवाल्यांसाठी: आमच्या ग्रेनोबलकडचं सें-मार्सलें हे मऊ छोटं चीज, किंवा द्रोमकडचं बकरीच्या दुधाचं पिकोदों, थोडं वाळलेलं घ्या. आणि ज्यांना काहीच करायचं नाही त्यांनी खारे शेंगदाणे आणि भाजलेला पापड घेऊन बसा, मस्त लागते.

नवऱ्याला रेड फारशी आवडत नव्हती, त्याला ती कडवट वाटायची, ही मात्र तो स्वतःहून मागतो. पहिल्यांदा रेड पिणाऱ्यांना मी हीच देते, कारण यात फळ पुढे आहे आणि तुरटपणा मागे, पण गोड नाही. गोडसर रेडने सुरुवात करून दिली की लोकांना पुढे कोरडी वाइन जड जाते असा माझा अनुभव आहे.

नाशिकच्या शिराझशी तुलना बरेच जण विचारतात. सिरा आणि शिराझ एकच द्राक्ष. त्याचं मूळही फ्रान्समधल्या याच भागातलं, 1990 च्या दशकाच्या शेवटी डीएनए तपासून कळलं की याचे आईबाप म्हणजे मोंदूझ ब्लांश आणि द्युरेझा, एक सावोयकडची जात आणि दुसरी आर्देशमधली, दोन्ही ग्रेनोबलच्या आजूबाजूला. नाशिकचा शिराझ हिवाळ्यात पिकतो, जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी, दिवसा ऊन आणि रात्री गारवा, त्यामुळे त्याची चव वेगळी येते, मला तो बऱ्याचदा जास्त मसालेदार आणि थोडा धुरकट लागतो, आणि त्याची स्वतःची मजा आहे. त्याला फ्रेंच वाइनच्या फूटपट्टीने मोजू नये. पण ग्रनाशमुळे जो गोलवा येतो, सिराच्या टोकदारपणाला जी मऊ बाजू मिळते, ती एकट्या शिराझमध्ये येत नाही, आणि ब्लेंडचा फायदा तोच. ग्रनाश एकटं असेल तर पसरट होऊ शकतं, रंग फिका, हवा लागली की लवकर थकतं. सिरा त्याला रंग देतं, कणा देतं.

यापेक्षा स्वस्त ऑरगॅनिक कोत द्यु रोन सुपरमार्केटमध्ये मिळते, पाच-सहा युरोंनाही, आणि त्यातल्या काही अगदी ठीक असतात, मोठ्या पार्टीला सांग्रिया (फळं घालून केलेलं वाइनचं सरबत) करायला वगैरे घ्याच. पण बाटलीगणिक खात्री नसते. आणि पेरँचीच साधी 'रेझर्व्ह' कोत द्यु रोन नात्यूरपेक्षा थोडी स्वस्त असते, तीही चांगली आहे, पण ऑरगॅनिक हवी असेल तर लेबल नीट बघून नात्यूरच उचला, नावं जवळजवळ ठेवलेली असतात रॅकवर.

लेबलवर काय बघायचं: हिरव्या चौकोनात चांदण्यांचं पान, हा युरोपचा ऑरगॅनिक लोगो, आणि फ्रान्समध्ये बहुतेकदा सोबत हिरवा-पांढरा 'एबी'. हल्ली एचव्हीई असा एक शिक्का खूप बाटल्यांवर दिसतो आणि तो ऑरगॅनिक समजून लोक घेतात. तो पर्यावरणाची काळजी घेणाऱ्या शेताचा शिक्का आहे खरा, पण त्यात रासायनिक औषधं चालतात, तो ऑरगॅनिक नाही. द्राक्षबाग ऑरगॅनिक व्हायला तीन वर्षं रूपांतराची काढावी लागतात, त्या तीन वर्षांत खर्च सगळा ऑरगॅनिकचा आणि भाव साध्याचा, इतकं सोसून मिळवलेलं पान आहे ते, त्यामुळे ते बघूनच घ्या. डिसेंबर 2023 नंतर बनलेल्या वाइनना घटक आणि कॅलरीही द्यायला लागतात, बऱ्याचदा क्यूआर कोडमध्ये असतात, दुकानातच फोनने स्कॅन करून बघता येतं.

वर्षाचं म्हणाल तर फार चिकित्सा नको. 2021 ला एप्रिलमध्ये कडक थंडीने दव गोठून फ्रान्सभर बागांचं नुकसान झालं आणि पुढचा उन्हाळाही तसा गार, त्या वर्षीच्या इकडच्या रेड हलक्या आहेत. 2022 प्रचंड उष्ण आणि कोरडं, वाइन जास्त पिकलेल्या फळांच्या, भरदार. मला जेवणासोबत हलक्या वर्षाची आवडते, नवऱ्याला भरदार, घरात यावर एकमत नाही. पण ही वर्षानुवर्षं साठवायची वाइन नाही, बाटलीवरच्या वर्षापासून चारपाच वर्षांच्या आत प्या, ताजेपणा हीच तिची मजा आहे.

उघडून उरली तर बूच परत लावून सरळ फ्रीजमध्ये, उभी. दुसऱ्या दिवशी मिरीचा वास उलट जास्त मोकळा होतो, तिसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्यानंतर मी ती मटणात घालते, मसाला परतून झाला की कपभर वाइन ओतायची, मोठ्या आचेवर वास उडेपर्यंत आटवायची आणि मगच पाणी घालायचं.